रिकाम्या गावातले दिवे

"ही गादी कित्याक?"

आपा गावकरांनी होडी ढकलायचा बांबू वाळूत रोवला आणि ते तसेच उभे राहिले. म्हणजे उत्तर मिळाल्याशिवाय होडी हलणार नव्हती.

गादी साधीसुधी नव्हती. डबलबेडची होती, स्प्रिंगची, आणि होडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होती. तिच्या मधोमध कुमठेकर मावशी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, डोक्यावर उन्हाची टोपी. त्यांच्या पाठीशी टोपलीखाली आमच्या कोंबड्या, पायाशी गुंडाळलेला तंबू आणि तंबूवर मी, कुत्र्याच्या गळ्यात हात घालून.

"पाहुण्या आहेत, आपा. त्यांना जमिनीवर झोपवत नाही," आई म्हणाली.

"धुरीण, तू पळणीक चललंस काय लग्नाक?"

"लग्नाला बोलावलं असतं तर मी आहेर आणला असता," मावशी वरून म्हणाल्या.

आपांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बांबू उपसला आणि होडी सोडली. हसले नाहीत. ते मी लगेच टिपलं, कारण त्या दिवसांत आमचं सगळं आपांच्या हसण्या-न हसण्यावर अवलंबून होतं.

ते कसं, ते आधी सांगते. आमचं गाव आडबंदर, आणि आमचं गाव पळतं. खरंच. तीन-चार वर्षांतून एकदा, देवदिवाळी झाली की देवी पावणाईला कौल लावतात. देवीने होकार दिला की सगळं गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस खाडीपलीकडच्या मळ्यात माडाच्या झापांच्या खोपट्या बांधून राहायचं. मागे गावात कुणी थांबायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, आणि काही झालं तरी वेस ओलांडून परत पाऊल टाकायचं नाही. यालाच पळण म्हणतात. का, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. आपांना विचारलं तर ते म्हणायचे, "देवीकपण कधीतरी घर एकटा मिळाक नको?"

आता आमची गोष्ट. आमचं आडनाव धुरी, म्हणून गावात आई 'धुरीण'. बाबा जहाजावर. आई कराडकडची, घाटावरची; आधीच्या पळणींना ती मला घेऊन माहेरी जायची, ही आमची पहिलीच. त्या वर्षी तिने समुद्राकाठी, सुरूच्या बनात चार तंबू उभारले होते. तंबू म्हणजे आत पलंग, गादी, गरम पाण्याची न्हाणी, बाहेर झुला. मुंबई-पुण्याची माणसं त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. आमच्या गावात म्हणत, "धुरीणीन गारुड्याचो खेळ मांडल्यान." आणि सुरूचं बन होतं गावाच्या मालकीचं. तंबू राहू द्यायचे की काढायला लावायचे, यावर देवळात बैठक झाली तेव्हा गावाचे मुख्य मानकरी आपा एवढंच म्हणाले होते, "पळण पार पडांदे. मगे बघूया. घाटावरच्या बाईक पळण झेपता काय, तांपण कळात."

म्हणजे पळणीत आमच्याकडून काही चुकलं तर तंबू गेले. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि आईने त्या आठवड्यात ज्या आवाजात कोंबड्यांना दाणे टाकले त्यावरून कोंबड्यांनाही ठाऊक असावं.

मी तेव्हा सातवीत. आता वर्गात "शमिका, दुसऱ्यांनाही बोलू दे" हे वाक्य बाई दिवसातून दोनदा म्हणतात, पण तेव्हा माझा आवाज कुणाला माहीत नव्हता. घरी आईसारखी बोलायचे म्हणून शाळेत पोरं "घाटी" म्हणत. मालवणी बोलायला गेले तर जास्तच हसत. त्यापेक्षा गप्प बरं. चार माणसांत मी फक्त मान हलवायचे.

कुमठेकर मावशी पुण्याच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच फिरायच्या. त्यांनी तंबू कधीचा ठरवून ठेवला होता आणि नेमका मधेच पळणीचा कौल झाला. आईने फोन करून सांगितलं, गाव रिकामं होतंय, तुम्ही नंतर या. मावशी म्हणाल्या, "गाव पळणार असेल तर मीही पळते. मला फक्त झोपायला मऊ लागतं." आणि पळणीच्या आदल्या दिवशी दुपारी बॅग ओढत हजर.

त्या रात्री आईने त्यांचं जेवण झाडांखाली मांडलं. सुरूच्या खोडांना, तंबूंच्या दोऱ्यांना, फाटकाला तिने सोलरच्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. अंधार पडला की त्या आपोआप लागायच्या. काय सुंदर दिसायचं ते. पण सुरूच्या सावलीत त्यांना दिवसभर पुरेसं ऊन मिळायचं नाही, त्यामुळे मावशींची सोलकढी अर्धी व्हायच्या आत माळा एकेक करून विझल्या.

"अहो, मी अजून मासा शोधतेय," मावशी अंधारातून म्हणाल्या.

आईने कंदील आणला, आणि दिवे विकणाऱ्याला उद्या फोनवर झापते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पळणीची धावपळ. फोन राहिला. आईने चुलीतली राख काढली, मेन स्विच पाडला, गॅस बंद केला, देवासमोरची समईसुद्धा पुसून कोरडी केली. घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

होडी पलीकडे लागली. मळ्यात खोपट्याच खोपट्या झाल्या होत्या. आम्ही जागा शोधून आमचा पांढरा तंबू उभा केला. झापांच्या मधे तो असा दिसत होता की लाज वाटावी. पण घटकाभरात तंबूभोवती जत्रा जमली. पोरांना तंबूची चेन उघडमीट करायची होती. बायका आत येऊन गादी दाबून बघत होत्या.

"ह्येच्यार झोप लागता? का नुसता उडाक व्हता?" सुमतीकाकीने विचारलं.

"बसा आणि बघा," मावशी सरकून म्हणाल्या.

सुमतीकाकी बसली. मग तिची जाऊ बसली. मग कुणाचीतरी शेळी चढली आणि खाली उतरायलाच तयार होईना. मावशी तिच्याकडे बघून म्हणाल्या, "हिचं बुकिंग नाहीये." सगळ्या बायका हसल्या. आईही हसली, मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदा. काकीने जाताना आईला विचारलं, "भाकऱ्यो थापूक येतंस मगे?" आई म्हणाली, "येते की." मी मनात म्हटलं, जमतंय.

संध्याकाळ झाली. पळणीच्या पहिल्या संध्याकाळी सगळे मळ्याच्या उंच मेरेवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसतात, गावाकडे तोंड करून. असं करायचं म्हणून कुणी सांगितलेलं नाही. आपोआप होतं. मी आई आणि मावशींच्या मधे बसले. आपा थोडे पुढे, दगडावर.

समोर खाडी, खाडीपलीकडे आडबंदर. इथून सगळं गाव दिसत होतं. माडांची रांग, देवळाचं कौलारू शिखर, आमचं बन आणि त्याच्यापुढे कोयत्यासारखा वळलेला किनारा, थेट काळ्या खडकांच्या टोकापर्यंत. रोज या वेळी तिथे धूर असतो. कुणी कुणाला हाका मारतं, शाळेजवळ टेम्पो हॉर्न देतो, धक्क्यावरचा मोठा दिवा लागतो. त्या दिवशी काही नाही. उजेड कमी होत गेला आणि गावातली घरं एकेक करून झाडांत मिसळली. मला माझंच घर सापडेना. एवढी माणसं बसली होती, पण लहान मुलंसुद्धा हळू बोलत होती. आतापर्यंत गावात मी राहत होते. गाव मी पाहिलं त्या संध्याकाळी.

आणि तेवढ्यात बनात दिवे लागले.

आधी फाटकाची माळ. मग झुल्याची. मग सगळ्या. झाडांच्या खोडांवर गुंडाळलेले, दोऱ्यांवर लोंबणारे, शेकडो पिवळे ठिपके. त्या काळ्याभोर रिकाम्या गावात एवढं एकच उजळलं, आणि खाली खाडीच्या पाण्यातही उजळलं.

"अगं बाई, इथून किती सुरेख दिसतात तुमचे दिवे," कुमठेकर मावशी म्हणाल्या. मोठ्याने, मनापासून.

 मग मागून एक पुरुषी आवाज आला, "कोण रवलो रे थय?"

"कोण नाय. सगळे हय आसत."

"मगे दिवो कोणी लावल्यान?"

"धुरीणीच्या तंबवात लागलेहत."

मी आईकडे पाहिलं. तिने हात तोंडावर ठेवला होता. सगळं बंद केलं होतं तिने. समई पुसली होती. पण बटण नसलेली वस्तू बंद करायचं कुणाच्या लक्षात येतं?

कुजबूज वाढली. एक म्हातारी हात जोडून देवीची क्षमा मागू लागली. सुमतीकाकी मघापासून आईच्या शेजारी होती, ती किंचित सरकून बसली. किंचितच, पण मला दिसलं.

"आपानू, कोणाक तरी धाडा. इझवून येवंदे," कुणीतरी म्हणालं.

"धाडतलंय कोणाक?" आपा मागे न वळता म्हणाले. "वेस ओलांडूची नाय. इझवूक गेलो तरी पळण मोडली, आणि नाय गेलो तरी दिवो जळताच हा."

 मग आई उठली. तिने पदर खोचला.

"मी जाते," ती म्हणाली. "माझ्या हातून झालंय, मी निस्तरते. आणि मी गेले तर पळण कशाला मोडेल? मी तर बाहेरचीच आहे. तुम्हीच म्हणता."

ती रागाने बोलली नव्हती. तेच मला भयंकर वाटलं. बारा वर्षं त्या गावात राहून तिने ते वाक्य असं म्हटलं, जणू स्वतःचं नाव सांगतेय. कुणी "नको" म्हणेना. सगळे आपांकडे बघत होते आणि आपा गावाकडे. आई मेरेवरून खाली उतरायला लागली. खाली वाळूत होडी होती. ती एकदा होडीत बसली की तंबू राहोत नाहीतर जावोत, आई कायमची बाहेरची होणार, हे मला आत्ता जेवढं स्पष्ट कळतंय तेवढंच तेव्हा कळलं.

"आये, तू जाव नको."

हे कोण बोललं म्हणून मीच इकडेतिकडे पाहिलं. मग लक्षात आलं की मी उभी आहे.

"खाली बस, शमिका," आई म्हणाली.

"नाय बसणंय." माझं तोंड थांबेना. "आपानू, दिवो कोणी लावूकच नाय. ते सोलरचे आसत. दिवसभर ऊन खातत आणि काळोख झालो की आपले आपण पेटतत. म्हणजे ते सूर्यान लावल्यान. माणसान लावूचो नाय असो नियम आसा ना? मगे माणसान खय लावलोहा?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. आपा हळूच वळले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं पागोटं.

"धुऱ्यांचा चेडू ना तू? तुका बोलाक येता?"

"येता."

"मगे सूर्य इझवतलो कधी, तां पण सांग."

"आता थोड्या वेळान. ते दिवे एकदम रद्दी आसत. सावलीत ऊन गावना नाय तेंका. काल ह्या मावशेची सोलकढीपण होवक नाय, तेच्या आधी इझले. इचारा तेंका."

"अगदी खरं आहे," मावशी घाईने म्हणाल्या. "मी काल मासा चाचपडत खाल्ला. काटा लागला असता घशात."

या वेळी बरीच माणसं हसली. आपा नाही.

"आणि नाय इझले तर?"

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

"तर गावात गेल्यार तंबू काढा. आमी काय्येक बोलणंव नाय."

आपांनी पुन्हा एकदा दिव्यांकडे पाहिलं. मग दगडावरून थोडे सरकले आणि हाताने बाजूची जागा झाडली.

"धुरीण, वर ये. हय बस," ते म्हणाले. "बघूया, सूर्य काय म्हणता."

आई येऊन त्यांच्या शेजारी बसली. आणि मग सगळं गाव दिवे विझायची वाट बघत बसलं. असं काही मी पुन्हा कधी पाहिलं नाही. एवढी माणसं, नजर एकाच जागी, कुणी हलत नाही. कुणाच्या तरी बाळाने भूक लागली म्हणून सूर लावला तर त्याच्या आईने तिथेच त्याला पदराखाली घेतलं. भाकऱ्या राहिल्या. दिवे जळत राहिले. मला आठवेना की काल नक्की किती वेळाने विझले होते. काल ढग होते का? आज ऊन जास्त होतं का? मी स्वतःला शिव्या द्यायला लागले होते.

मग झुल्याची माळ फडफडली आणि गेली.

"एक गेली," एक पोरगा म्हणाला.

नंतर खोडांवरच्या. एकेक झाड अंधारात परत जात होतं आणि प्रत्येक वेळी मेरेवरून दबका आवाज यायचा, कबड्डीत गडी बाद झाल्यासारखा. शेवटी फाटकाची माळ उरली. तिच्यावर ऊन यायचं, ती चिवट होती. सुमतीकाकी परत आईच्या बाजूला सरकली आणि म्हणाली, "इझ गो बाय, इझ आता." ती दिव्याशी बोलत होती. माळ पिवळीची तांबूस झाली. तांबूस ठिपके झाली. मग तेही नाही.

काळोख. चंद्र उशिरा उगवायचे दिवस होते. इतक्या वेळ दिवे बघितलेल्या डोळ्यांना आकाश आणि गाव वेगळं कळेना. मी मोठा श्वास सोडला आणि आता सगळे बोलायला लागतील म्हणून थांबले.

पण सगळे समोरच बघत राहिले. कारण किनाऱ्यावर काहीतरी झालं होतं.

खाडीच्या तोंडाशी एक लाट फुटली आणि ती निळी होती. निळी म्हणजे आतून पेटलेली. तो निळा पट्टा फुटत फुटत पळत गेला, बनासमोरून, देवळासमोरून, धक्क्यासमोरून, पार काळ्या खडकांपर्यंत. सगळा कोयता कुणीतरी एका रेघेत काढून दाखवावा तसा दिसला आणि मावळला. मग दुसरी लाट. त्या उजेडात सुरूची खोडं दिसली, त्यांच्यामागे आमच्या तंबूंची टोकं. मग तिसरी. खाडीतही, आमच्या पायांखाली, मासे पळत होते आणि प्रत्येकामागे निळी शेपटी उमटत होती. धक्क्यावरचा तो मोठा दिवा रोज जळत असतो, घराघरांत ट्यूबलाइट असतात. मी जन्मापासून त्या किनाऱ्यावर राहत होते आणि समुद्राचं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कुमठेकर मावशींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मघाची म्हातारी पुन्हा हात जोडून बसली होती, पण आता ती क्षमा मागत नव्हती. माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. बघितलं तर वर्गातली प्राची, मला "घाटी" म्हणणाऱ्यांतली पहिली. तिचं तोंड उघडं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

आम्ही दोघी धावत खाली गेलो आणि आमच्या काठच्या पाण्यात हात घातला. हात बाहेर काढला तर बोटांवरून ठिणग्या गळत होत्या. गार ठिणग्या.

"बापाशीन माका सांगितल्यान होता," वर आपा कुणालातरी सांगत होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "ल्हान असताना वल्ह्याक लागलेला बघितलंय. पण असा, सगळो गाव धरून... नाय बा."

मग त्यांनी मला हाक मारली. "गो चेडवा."

मी ओला हात घेऊन वर गेले.

"ते दिवे सूर्यान लावल्यान म्हणालंस. बरा." त्यांनी किनाऱ्याकडे बोट केलं. "आता ह्यो कोणी लावल्यान?"

एवढं बोलून झाल्यावर, एवढ्या लोकांसमोर, मी नुसती ओल्या हाताकडे बघत राहिले. आपा हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

चौथ्या दिवशी देवीने परत यायचा कौल दिला आणि ढोल वाजवत सगळे घरी आलो. बैठक देवळात झाली. आपांनी पान जुळवता जुळवता सांगितलं, "तंबू रवांदेत. ते दिवे मात्र काढ गो धुरीण. तेंच्यामुळे समुद्र दिसना नाय." आईने त्याच संध्याकाळी सगळ्या माळा उतरवल्या. पाहुणे अजून विचारतात, एवढी छान जागा, जरा लायटिंग का करत नाही? आई म्हणते, "जेवण लवकर उरका आणि मग काठावर बसा."

यंदा पुन्हा कौल झाला. कालच आम्ही खाडी ओलांडली. आपांच्याने आता बांबू पेलत नाही, होडी मी नेली. आपा स्प्रिंगच्या गादीवर आडवे झाले होते. पाठीला बरी पडते म्हणून ती आठवणीने घ्यायला त्यांनीच आठ दिवस आधी निरोप धाडला होता. कुमठेकर मावशी त्यांच्या शेजारी, तीच टोपी घालून, टोपलीतल्या कोंबड्या सांभाळत.

"आपानू, तुमच्या प्रश्नाचा उत्तर गावला," मी म्हटलं. "विज्ञानाच्या सरांनी सांगितल्यानी. पाण्यात बारीक बारीक जीव आसतत, डोळ्यांक दिसनत नाय. लाट आपटली की ते चमकतत."

आपांनी डोळे मिटूनच ऐकलं.  मला वाटलं, झोपले.

"जीव आसत तां कळला," मग ते म्हणाले. "लावल्यान कोणी, तां सांग."

मी बांबू पाण्यात घातला. समोर मळ्यात पहिली खोपटी उभी राहत होती, आणि पाठीमागे आमचं गाव रिकामं व्हायला लागलं होतं.